रानटी मधमाश्यांचे फोटो सारखे बिघडतात? नवी लेन्स घेण्याआधी हे तपासा

ठाण्यात आणि नवी मुंबईत बाल्कनीतल्या कुंड्यांवर, सोसायटीच्या बागेत येणाऱ्या रानटी मधमाश्यांचे फोटो बिघडण्याचे प्रकार ठरलेले आहेत. आपला फोटो त्यातल्या कोणत्या प्रकारात बसतो ते आधी बघा. दोष न ओळखता माणूस थेट नवी लेन्स घेतो, आणि तोच बिघडलेला फोटो जास्त पैसे मोजून पुन्हा मिळतो.

लक्षणं

- सगळ्या फोटोवर दुधी पडदा, उजेडाभोवती वलय: लेन्सवर तेल, बाष्प किंवा बुरशी.
- फूल स्पष्ट, माशी पुसट: माशी हलली, शटर (फोटो टिपायला लागणारा वेळ) संथ पडला.
- फूल आणि माशी दोन्ही एकाच दिशेला ओढल्यासारखी: वारा, नाहीतर तुमचा हात.
- पोटाचं टोक स्पष्ट, डोळे धूसर: कोन चुकला.
- भुंग्याच्या (मोठ्या काळ्या रानटी मधमाशीच्या) जागी नुसता काळा गोळा: उजेड मागून येतोय.
- मोबाइल जवळ नेला की चित्र मध्येच उडी मारतं आणि फोटो मळकट येतो: फोनने स्वतःहून कॅमेरा बदलला.
- तुम्ही वाकलात की माशी गायब: सावली, घाई, चुकीची वेळ.
- फोटो छान, पण माशी कोणती ते कोणालाच सांगता येत नाही: हवी ती बाजू टिपलेली नाही.
- माशी येतच नाही: हा दोष बागेचा. याला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून तो शेवटी घेतला आहे.

अंग स्पष्ट आणि पंख मात्र धुरासारखे दिसत असतील, तर त्याला दोष समजू नका. मधमाशीचे पंख सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा हलतात. पंखांची ती धूसर झाक असली की माशी जिवंत आहे हे फोटोत दिसतं. ती घालवायच्या नादात बाकीचा फोटो अंधारा करू नका.

१. लेन्स पुसा आणि वर्तमानपत्राची कसोटी घ्या

याला खर्च शून्य आणि वेळ दोन मिनिटं. मोबाइल दिवसभर हातात आणि खिशात असतो, स्वयंपाकघरात फोडणीच्या वाफेत असतो. त्यात खाडीकडची दमट हवा. लेन्सवर तेलाचा पातळ थर बसतो तो डोळ्याला दिसत नाही, पण उन्हात फोटोवर लगेच दुधी पडदा येतो. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग चष्म्याच्या फडक्याने पुसा. शर्टाच्या टोकाने पुसू नका, त्यातल्या धुळीने लेन्सवर चरे पडतात.

एसीच्या खोलीतून थेट बाल्कनीत आलात तर काचेवर बाष्प धरतं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हे हमखास होतं. मोबाइलला पंधरा-वीस मिनिटं द्या. मोठा कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास बाहेर ठेवा आणि मगच चेन उघडा. बाष्प पुसत बसलात तर ते पुन्हा धरतं.

आता वर्तमानपत्राची छोट्या अक्षरांची एखादी जाहिरात उन्हात भिंतीला टेकवून २० सेंटिमीटरवरून फोटो काढा. अक्षरं टोकदार आली तर कॅमेरा ठणठणीत आहे, दोष वेळ, वारा, कोन किंवा शटर यांपैकी कशाततरी आहे. अक्षरंही पुसट आली तर दोष कॅमेऱ्यात किंवा अंतरात आहे. ही कसोटी वगळू नका. पुढचे अर्धे प्रश्न इथेच सुटतात.

२. घड्याळ बघा

बहुतेक जण सुट्टीच्या दिवशी चहा-नाश्ता आटोपून, अकरा वाजता कॅमेरा घेऊन बाहेर पडतात. तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं, सावल्या काळ्या झालेल्या असतात आणि माश्या अंग तापल्यामुळे पूर्ण वेगात असतात. कीटकाच्या हालचालीचा वेग त्याच्या अंगातल्या उष्णतेवर ठरतो. सकाळी सात ते साडेनऊ या वेळात तीच माशी एका फुलावर जास्त वेळ थांबते, आणि उजेडही तिरपा, मऊ असतो.

फुलांच्याही वेळा असतात. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, त्यामुळे त्याच्यावरच्या माश्या लवकरच गाठाव्या लागतात. ऑफिस टाइमचं फूल मात्र ऊन चढल्याशिवाय उघडत नाही, आणि ते उघडलं की इवल्या चमकदार हिरव्या सेराटिना माश्या आणि डंखविरहित माश्या त्याच्या परागांत अक्षरशः लोळतात. बाल्कनीत फार सकाळी जमत नसेल त्यांच्यासाठी हेच फूल सोयीचं.

सगळ्यात सोपा फोटो सूर्योदयाच्या सुमारास मिळतो आणि तो बहुतेकांना माहीतच नसतो. निळ्या पट्ट्यांच्या माशीचे, म्हणजे अमेजिलाचे नर संध्याकाळी एखाद्या वाळक्या काडीवर येतात, जबड्याने काडी घट्ट चावून धरतात, पाय पोटाशी घेतात आणि तशाच अवस्थेत रात्र काढतात. कधी एकटा असतो, कधी एकाच काडीवर पाच-सहा जण ओळीने. एरवी क्षणभर न थांबणारी ही माशी पहाटे मूर्तीसारखी स्थिर मिळते, पोटावरच्या निळ्या पट्ट्यांचा केस न् केस दिसतो. ती काडी बरेचदा तीच असते, म्हणून संध्याकाळी सहा-साडेसहाला बागेत फेरी मारून काडी हेरून ठेवा. काडी हलवू नका, तोडून उजेडात आणू नका, टॉर्च मारत बसू नका.

जोरदार पावसात माश्या बाहेर पडत नाहीत. दोन सरींच्या मधल्या उघडिपीत मात्र अचानक गर्दी होते. पाऊस ओसरल्यापासून थंडी संपेपर्यंतचा काळ आपल्याकडे सर्वांत चांगला. येऊरच्या बाजूला तेरडा फुललेला असताना तर फुलं निवडायचाच प्रश्न पडतो. फक्त येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे वनखात्याच्या वेळा आणि नियम पाळा.

३. ती मधमाशीच आहे ना?

फुलासमोर हवेत खिळल्यासारखी थांबणारी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची 'माशी' बऱ्याचदा खरोखरच माशी असते, मधमाशी नव्हे. तिला पंखांची एकच जोडी असते, मिशा अगदी आखूड, आणि डोळ्यांनी जवळजवळ सगळं डोकं व्यापलेलं असतं. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या, मिशा लांब आणि कोपरातून वाकलेल्या. गांधीलमाशीची कंबर बारीक असते, अंगावर केस कमी.

हे आधी ठरवायचं, कारण अंतर आणि शटर दोन्ही त्यावर ठरतात. भुंगा, म्हणजे झायलोकोपा, दोन-तीन सेंटिमीटरचा असतो. तो हातभर अंतरावरूनही चौकटीत भरतो. डंखविरहित माशी जेमतेम ३–४ मिलिमीटरची, तिला मोबाइलने नुसतं गाठून भागत नाही, मोठं करून दाखवणारी काच लागते. सातेरी, फुलोरी आणि आग्या या पोळं करणाऱ्या माश्या मध्यम आकाराच्या आणि फुलावर बऱ्यापैकी रमणाऱ्या. सराव त्यांच्यावर करा.

४. पाठलाग थांबवा

या माश्यांच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. अमेजिला आणि भुंगा त्याच झुडपांवर त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. म्हणून माशीच्या मागे फिरण्यापेक्षा एक फूल निवडा, त्याच्यावर फोकस लावा आणि तिथेच बसा. आधी दहा मिनिटं कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघा. कोणत्या बाजूने येते, किती वेळ टेकते, जाताना कुठे वळते हे कळलं की अर्धं काम झालं.

बसताना सूर्य तुमच्या पाठीशी किंवा खांद्याच्या बाजूला हवा, पण तुमची सावली फुलावर पडता कामा नये. सावली पडली की माशी उडालीच, कारण पक्ष्याची चाहूल तिला तशीच लागते. फुलापेक्षा थोडं खाली बसा आणि कॅमेरा आधीपासूनच डोळ्याला लावून सरळ रेषेत हळू पुढे सरका. हात आडवा फिरवला की ती दचकते. अंगाला अत्तर किंवा उग्र वासाचं तेल नको.

वांग्याच्या फुलाची गोष्ट वेगळी आहे. या फुलातला पराग नळीसारख्या कोशात बंद असतो, तो काढायला अमेजिला फुलाला मिठी मारून, अंग वाकवून घुमते. आवाज एकदम चढतो. तेवढे एक-दोन सेकंद ती जागा सोडत नाही. आवाज चढला की बटण दाबा. कुंडीत वांग्याचं एक रोप असलं तरी पुरे.

तोंडासमोर येऊन हवेत थांबणाऱ्या भुंग्याला लोक फार घाबरतात. तसा आपला इलाका राखत घिरट्या घालणारा भुंगा नर असतो, आणि मधमाश्यांच्या नराला नांगी नसतेच. तो पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन तरंगतो, म्हणून उडत्या माशीचा फोटो शिकायला त्याच्याइतका चांगला दुसरा नाही.

५. वारा

उंच मजल्यावर वारा हा सगळ्यात मोठा शत्रू. घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा पाम बीचच्या बाजूच्या इमारतींत दहाव्या मजल्यावर तुळशीची मंजिरी कधी स्थिर नसतेच. जवळून काढलेल्या फोटोत फूल दोन मिलिमीटर हललं तरी फोकस गेलेला असतो. कुंडीत बांबूची काडी रोवा आणि फुलाचा देठ कपड्यांच्या चिमट्याने काडीला हलकेच धरून ठेवा. देठ चिरडू नये म्हणून मध्ये कापसाचा बोळा घाला. वाऱ्याच्या बाजूने पुठ्ठा किंवा थर्माकोलचा तुकडा उभा करा, तो पांढरा असेल तर उजेडही परत फेकतो. समुद्राकडचा वारा दुपारकडे वाढतो, सकाळ निवडायचं हे आणखी एक कारण.

६. मोबाइलच्या सेटिंग

बाल्कनीतले निम्मे फोटो फोनच्या हुशारीमुळेच बिघडतात. क्रमाने बघा.

आपोआप मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची सोय) बंद करा. फोन फुलाजवळ गेला की तो मुख्य कॅमेरा सोडून रुंद कोनाचा कॅमेरा वापरायला लागतो. त्याचा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) लहान आणि उजेड कमी, म्हणून चित्र मळकट होतं. स्वस्त फोनमधला वेगळा दोन मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा तर विसरूनच जा. त्याऐवजी मुख्य कॅमेऱ्यावर दुप्पट झूम ठेवून १५–२० सेंटिमीटरवरून काढा. नव्या फोनचे मोठे सेन्सर त्याहून जवळचं पकडतच नाहीत, आणि तेवढ्या अंतरावर माशीही बिचकत नाही. तिप्पट किंवा पाचपट झूमचा वेगळा कॅमेरा इथे सहसा निरुपयोगी ठरतो, कारण त्याला आणखी लांबून फोकस करावा लागतो.

एचडीआर आणि नाइट मोड बंद. दोन्हींत फोन अनेक फोटो काढून एकत्र करतो. मधल्या वेळात माशी हलली की तिला दोन डोकी फुटतात.

फुलावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड कुलूपबंद होईल. मग तुम्ही स्वतः पुढेमागे सरकून नेमकं अंतर साधा. प्रो मोड असेल तर शटर १/१००० ते १/२००० सेकंद ठेवा. मोबाइलच्या लेन्सचं तोंड मोठं असतं, त्यामुळे उघड्या सावलीतसुद्धा आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ४००–८०० मध्ये एवढा वेग मिळतो.

एक फोटो काढू नका, बटण दाबून धरून सलग काढा. किंवा ४के व्हिडिओ घेऊन त्यातली चौकट उचला. ती साधारण आठ मेगापिक्सेलची असते, माशी ओळखायला ते पुरेसं आहे. मात्र व्हिडिओत शटर फोन स्वतः ठरवतो, म्हणून ही युक्ती ऊन असतानाच चालते.

क्लिपवाली मॅक्रो काच घ्यायची असेल तर किती सेंटिमीटरवर फोकस होते तेच विचारा. २–३ सेंटिमीटरवर चालणारी काच झोपलेल्या माशीसाठीच कामाची. ७ ते १० सेंटिमीटरवाली घ्या. आणि काच नेमकी मुख्य कॅमेऱ्यावर बसली आहे ना, फोनचं जाड कव्हर तिला वर उचलत नाही ना, ते बघा. 'काच बेकार आहे' या तक्रारीमागे बहुतेक वेळा कव्हरच असतं.

७. उजेड

ग्रिल, कबुतरांची जाळी आणि वरच्या मजल्याचा छज्जा यांमुळे बाल्कनीत उजेड किती कमी पडतो याचा डोळ्याला अंदाज येत नाही. उघड्या सावलीतला उजेड थेट उन्हाच्या आठ ते सोळा पट कमी असतो. बागेत चालणारी सेटिंग बाल्कनीत फसतात ती यामुळे.

भुंग्याचा काळा गोळा होतो कारण मागे आभाळ किंवा चकाकती पानं असतात आणि कॅमेरा त्यांच्यावर उजेड मोजतो. बाजू बदलून मागे गडद पान आणा, सावलीकडून पांढरा थर्माकोल एक फुटावर धरा. तरी काळाच दिसला तर उजेड अर्धा स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). पांढऱ्या फुलावरची छोटी माशी काळवंडत असेल तरी हेच करा. दुपारच्या कडक उन्हात पांढरी छत्री किंवा ट्रेसिंग पेपर ताणून धरला की अंगावरचे भगभगीत ठिपके जातात.

८. मोठा कॅमेरा असेल तर

इथे थोडं गणित लागतं, आणि ते न कळल्यामुळेच लोक लेन्सला दोष देतात. मॅक्रो लेन्सवर पूर्ण आकाराचा, म्हणजे एकास एक फोटो एफ/८ वर काढला (एफचा आकडा मोठा तसं लेन्सचं तोंड बारीक) तर एपीएससी, म्हणजे मध्यम सेन्सरच्या कॅमेऱ्यात स्पष्ट दिसणारा थर जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. अमेजिलाचं डोकंच त्याहून मोठं. थोडं लांब जाऊन निम्म्या आकारात काढलं की हाच थर सुमारे दोन मिलिमीटर होतो. म्हणून एकास एकचा हट्ट सोडा, लांबून काढा आणि नंतर कापा.

तोंड एफ/१६ पर्यंत बारीक करून थर वाढवायला जाल तर फोटो मऊ पडेल. एकास एकला प्रत्यक्षातलं तोंड दुप्पट आकड्याचं, म्हणजे एफ/३२ सारखं वागतं आणि प्रकाश कडेवर पसरतो. एफ/८ ते एफ/११ इथे थांबा.

डोळे धूसर आणि पोट स्पष्ट येण्याचा उपायही यातच आहे. माशीच्या अंगाची लांबी आणि सेन्सर समांतर ठेवा, म्हणजे डोळा, छाती, पोट एकाच थरात येतात. समोरून काढायचं असेल तर जवळचा डोळा धरा, बाकीचं पुसट गेलं तरी चालतं.

ऊन असेल तर आयएसओ ४००, एफ/८, १/१६०० पासून सुरुवात करा. सलग फोकस लावा, आणि तो चाचपडत असेल तर हाताचा फोकस ठेवून अंग पुढेमागे झुलवत सलग फोटो घ्या. तीन-चारातला एक बरोबर लागतो.

सावलीत फ्लॅश लागतोच. फ्लॅश हाताच्या सेटिंगवर १/१६ किंवा १/३२ ताकदीला, शटर १/२००, एफ/११, आयएसओ २००. कमी ताकदीला फ्लॅशची लकेर इतकी अल्पकाळ असते की पंखसुद्धा थबकतात. वर पांढऱ्या फोमचा मोठा पडदा लावा, नाहीतर भुंग्याच्या पाठीवर पांढरा डाग पडतो. भर उन्हात मात्र हीच सेटिंग फसते. १/२०० ला ऊन स्वतःच पुरेसा फोटो उमटवतं, त्यावर फ्लॅशचा दुसरा बसतो आणि माशीच्या मागे भुतासारखी सावली येते. उन्हात फ्लॅश वापरायचाच तर फुलावर छत्रीची सावली करा.

खरेदी करायचीच असेल तर आधी स्वस्त पर्याय घ्या: आहे त्या झूम लेन्सपुढे रेनॉक्स डीसीआर-२५० सारखी +८ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे काचेची ताकद) काच. साधारण १२ सेंटिमीटरवरून फोटो मिळतो. ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स सगळ्यात शेवटी. ६० मिलिमीटरच्या लेन्सने माशीच्या फार जवळ जावं लागतं.

९. फोटो चांगला, ओळख पटेना

वरून काढलेला एकच सुंदर फोटो ओळखीसाठी अनेकदा निरुपयोगी असतो. एकाच माशीच्या चार बाजू घ्या: कडेने संपूर्ण अंग, वरून पाठ, समोरून चेहरा, आणि जमला तर पसरलेला पंख.

कडेच्या फोटोत पराग कुठे साठवलाय ते दिसतं. पानकापी माशी, म्हणजे मेगाकाइली, पोटाच्या खालच्या बाजूला पराग गोळा करते, तर अमेजिला मागच्या पायांवर. पंखाच्या पुढच्या कडेलगत शिरांनी बनलेली घरं मोजता आली तर उत्तम: पानकापी माशीला दोन, अमेजिलाला आणि भुंग्याला तीन. काळ्या अंगावर निळे-पांढरे ठिपके असतील, पट्टे नसतील आणि पायावर पराग अजिबात नसेल, तर ती थायरियस. ती स्वतः घर करत नाही, अमेजिलाच्या घरट्यात अंडी घालते. ती दिसली म्हणजे अमेजिलाचं घरटं जवळपास आहे असं समजायला हरकत नाही.

माशी उडाल्यावर त्याच फुलाशेजारी फूटपट्टी धरून, झूम आणि अंतर न बदलता एक फोटो घ्या. फुलाचं नाव, तारीख, जागा लिहून ठेवा. आकार माहीत नसेल तर जाणकारही हात टेकतात.

माशी शांत बसावी म्हणून तिला डबीत धरून फ्रीजमध्ये ठेवायची युक्ती काही जण सांगतात. ती कृपया करू नका. पहाटेची झोपलेली माशी मिळत असताना त्याची काही गरजही नाही.

१०. माशीच येत नाही

याला महिने लागतात. आधी फवारणी तपासा. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल कधी आणि कशाचं होतं ते विचारा. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध झाडात भिनतं आणि मकरंदात, परागात उतरतं, म्हणजे फवारणी होऊन गेल्यावरही विष फुलात राहतं. फुलावर आलेल्या झाडांवर फवारू नका अशी समितीला लेखी विनंती करा. कडुनिंबाचं तेलसुद्धा सूर्यास्तानंतरच मारा. गुलाबाच्या पानाला कडेने कात्रीने कापल्यासारखे गोल दिसले तर ते पानकापी माशीचं काम आहे, रोग नव्हे. तिथे औषध मारलंत तर जिचा फोटो हवा तिलाच घालवाल.

मग फुलं. भरगच्च पाकळ्यांच्या संकरित झेंडू-जास्वंदीत माशीला हाती फारसं लागत नाही. एकेरी पाकळ्यांची गोकर्ण, सब्जा, वांगी, भोपळा, ऑफिस टाइम, ड्युरांटा लावा, आणि एकाच जातीची चार-पाच रोपं एकत्र ठेवा. तुळशीच्या मंजिऱ्या आपण सवयीने खुडतो. निदान एका कुंडीतल्या तशाच फुलू द्या, फरक काही दिवसांत दिसतो.

शेवटी घर. लहान माशी घरट्यापासून काहीशे मीटरपलीकडे क्वचितच जाते, म्हणून चारी बाजूंना पेव्हर ब्लॉक असतील तर नुसत्या फुलांनी भागत नाही. ४ ते १० मिलिमीटर भोकाच्या, १२–१५ सेंटिमीटर लांब, एका टोकाला पेर असलेल्या बांबूच्या नळ्या जुडी बांधून पूर्वेकडे तोंड करून, पावसाच्या माऱ्यापासून आडोशाला टांगा. कोकणच्या दमटपणात त्यांना बुरशी येते, दरवर्षी नव्या लावा. भुंग्यासाठी वाळका जाड बांबू पुरतो. अमेजिलाला माती लागते: बागेचा एक कोपरा उघडा ठेवा आणि तिथे पाइप मारू नका. भिंतीच्या फटीतून किंवा जुन्या मीटर बॉक्समधून मेणा-राळेची छोटी नळी बाहेर आलेली दिसली तर ते डंखविरहित माश्यांचं घर आहे. नळीच्या तोंडावर पहारेकरी बसलेले असतात आणि माश्या तिथूनच ये-जा करतात, म्हणून फोकस लावून निवांत बसायला याहून सोयीची जागा नाही. ती नळी रंगारी खरवडणार नाही एवढं बघा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

छज्ज्याखाली किंवा टॉवरला उघडं मोठं पोळं असेल तर ते आग्याचं. तिथे फोटो फक्त लांबून, झूमने. फ्लॅश, धूर, ड्रोन काहीही नको, जाळून किंवा पाणी मारून हटवणं तर अजिबात नको. प्रशिक्षित मधपाळाला बोलवा. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वरचं मधसंचालनालय या कामाच्या जाणकार संस्था आहेत, तिथे चौकशी करता येते. माश्या खवळल्याच तर हात न झटकता घरात जा, दारं-खिडक्या लावा.

मधमाशी डसली तर काटा तत्क्षणी काढा. नखाने काढला की चिमट्याने, याने फरक पडत नाही, उशीर झाला तर पडतो. ओठ किंवा घसा सुजणं, दम लागणं, चक्कर, अंगभर गांधी, किंवा एकाच वेळी अनेक डंख, यांपैकी काहीही झालं तर १०८ ला फोन करा, घरगुती उपाय करत बसू नका. आधी एकदा ॲलर्जी झालेल्यांनी जवळून फोटो काढायला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

लेन्समधून टॉर्च मारल्यावर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ती बाहेरून पुसून जात नाही, लेन्स स्वतः उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या आणि तोवर बाकीच्या लेन्सपासून वेगळी ठेवा. पुढे हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र ठेवा, काटा ४०–५० टक्क्यांवर राहू द्या. पावसात भिजलेला कॅमेरा चालू करून बघू नका, बॅटरी काढा आणि तोही दुरुस्तीला द्या.

लॅसिओग्लॉसम (हाही छोट्या माश्यांचा एक वंश) आणि सेराटिनाच्या अनेक जाती फोटोवरून वेगळ्या करता येत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली नमुना लागतो. तिथे वंशाच्या नावावर थांबा, आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर चारही फोटो टाका आणि जातीचं नाव अभ्यासकांवर सोडा.

पर्गोलाच्या (बागेतल्या लाकडी मांडवाच्या) लाकडात बोटाएवढं गोल भोक आणि खाली भुसा दिसला तर ती भुंग्याची मादी आहे, वाळवी नव्हे. त्यासाठी पेस्ट कंट्रोल नको. वासा भार पेलणारा असेल तर सुताराला दाखवा. नुसता शोभेचा असेल तर राहू द्या, भोकासमोर दोन फुटांवर बसा आणि ती परागाने माखून परत यायची वाट बघा.